एका जागी न बसणारे पोर आणि त्याचा धंदा



प्रत्येक गावात असे एक तरी पोर असते. जेवायला बसले की अर्धी भाकरी ताटात टाकून उठते. गुरांना पाणी दाखवायला पाठवावे, तर वाटेत कुणाची तरी मोटरसायकल बंद पडलेली दिसते. हे तिथेच हात काळे करीत बसते आणि गुरे तहानलेली राहतात. शाळेत गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळे होते, आणि तेही चुकीचे. चप्पल, विळा, दप्तर, काही ना काही रोज हरवते. बाप चिडून हात उगारतो, आई दृष्ट काढते, आणि गाव एकदाचे ठरवून टाकते की हे पोर हातचे गेले.

असे एक पोर मीही वाया गेल्यात जमा केले होते. आज तीच हकिकत सांगायची आहे.

गोष्ट २००३ सालची. जुन्नर तालुक्यातल्या एका गावी, देवळाच्या सभामंडपात टोमॅटोवरील रोग आणि रोपवाटिका यांवर आम्ही तीन दिवसांचे शिबिर घेतले होते. तीस-बत्तीस तरुण आले होते. त्यांत एकोणीस वर्षांचा एक मुलगा. पहिल्या दिवशी तो पाच वेळा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी मी करप्याची चित्रे दाखवीत असताना मागे खुडबुड ऐकू आली. पाहतो तो काय, प्रात्यक्षिकासाठी आणलेला पाठीवरचा पंप या पठ्ठ्याने पार खोलला होता आणि त्याचे सुटे भाग पायरीवर मांडून बसला होता. माझा पारा चढला. "तुला शिकायचं नसेल तर निदान दुसऱ्यांना तरी शिकू दे," म्हणून त्याला सर्वांदेखत बाहेर काढले. पोरे हसली. तो काही न बोलता गेला. शिबिर संपल्यावर रोपवाटिकेसाठी होतकरू तरुणांची नावे सुचवायची होती, त्या यादीतून त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले. पदवी होती, सरकारी शिक्का होता. माणूस ओळखण्याची परीक्षा मात्र कृषी महाविद्यालयात घेत नाहीत.

पुढे माझी बदली झाली. त्याचे काय झाले ते मला फार वर्षांनी कळले. तिकडे वळण्यापूर्वी या स्वभावाविषयी चार गोष्टी सांगतो, कारण त्या मलाही उशिराच समजल्या.

या स्वभावाच्या टोकाला डॉक्टरी भाषेत एक नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ राहत नाही, आणि मनात आले की मागचापुढचा विचार न करता करून टाकले जाते, अशी ही तीन लक्षणे. कुणात तिन्ही असतात, कुणात एखादेच ठळक असते. नाव नवे असले तरी पोर नवे नाही. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये अशा मुलांविषयी व्याख्याने दिली होती. जगभरचा अंदाज असा, की शंभर मुलांत साधारण पाच जणांत हे आढळते. आईबापाच्या लाडाने ते होत नाही आणि माराने जात नाही. बरेचसे ते रक्तातूनच येते, त्यामुळे पोराला डॉक्टरांकडे न्यावे आणि ऐकता ऐकता बापालाच स्वतःचे लहानपण आठवावे, असेही घडते.

मुलींत हे वेगळे दिसते. त्या उड्या मारीत नाहीत. चुलीवर दूध ठेवून दुसऱ्याच विचारात गढतात आणि दूध उतू जाते. आपण तिला "वेंधळी" म्हणतो आणि विषय संपवतो. म्हणून मुलींचे निदान पुष्कळदा होतच नाही.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. अशा मुलाला लक्षच नसते असे नाही, त्या लक्षाला लगाम नसतो. जे आवडत नाही त्यावर ते पाच मिनिटे ठरत नाही. पण जे आवडले त्यात हेच पोर असे बुडते की भूकतहान विसरते. धंद्याशी त्याचा जो संबंध येतो तो इथून.

आता एका परदेशी माणसाचे उदाहरण देतो. परदेशी असला तरी त्याचा धंदा तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबाराची नक्कल काढायला आपण सगळेच उभे राहिलो आहोत. अमेरिकेत अशा दुकानांची एक मोठी साखळी उभारणारा पॉल ऑर्फेली हा माणूस शाळेत दुसरीतच नापास झाला. अक्षरे त्याला लागत नसत, आणि एका जागी बसणे तर जमतच नसे. १९७० साली पाच हजार डॉलर कर्ज काढून त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठाजवळ एक टीचभर जागा घेतली. जागा इतकी लहान, की नकला काढायचे यंत्र ढकलत बाहेर पदपथावर आणावे लागे. केस कुरळे म्हणून त्याला किंको म्हणत, तेच दुकानाचे नाव पडले. वह्या-पेने पाठीवरच्या पिशवीत घालून तो संध्याकाळी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत दारोदार विकायचा.

पुढे दुकाने वाढली, आणि मालक म्हणून कचेरीत खुर्चीवर बसायची वेळ आली. ते त्याला जमेना. मग तो गावोगाव आपल्याच दुकानांतून हिंडू लागला. एखाद्या दुकानात कुणी काही चांगली युक्ती काढली असेल तर ती पाहायची आणि बाकीच्या दुकानांना कळवायची, हेच त्याने आपले काम ठरवले. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला त्याने माणसे धरली, आणि जागोजागी भागीदार घेतले, म्हणजे रोजचा कारभार पाहायला तिथे धन्याचाच डोळा राहिला. २००४ साली फेडएक्स या मोठ्या कंपनीने ती साखळी २४० कोटी डॉलरना विकत घेतली तेव्हा सुमारे बाराशे दुकाने झाली होती. स्वतः ऑर्फेली त्याआधीच त्यातून बाहेर पडला होता. २००५ साली त्याने जे पुस्तक लिहिले, त्यावर स्वतःची ओळख अक्षरांशी झगडणारा अतिचंचल माणूस अशीच छापली.

दुसरा एक आहे, डेव्हिड नीलमन. २००० सालापासून ज्या कंपनीची विमाने उडू लागली त्या जेटब्लूचा हा संस्थापक. त्यालाही एडीएचडी आहे आणि तो ते लपवीत नाही. वीस विमानांच्या ताफ्याची आखणी मला सोपी जाते, पण घरचे लाईट बिल भरणे जड जाते, अशा अर्थाचे त्याने सांगितलेले आहे. ज्यांचे बिल महावितरणकडे थकले आहे त्यांनी मात्र या वाक्याचा आधार घेऊ नये!

थट्टा बाजूला ठेवू. या दोघांकडे पाहून "चला, आमचाही पोरगा कोट्यधीश होणार" असा हिशेब कुणी मांडू नये. एका ऑर्फेलीच्या मागे असे किती जण कर्जात बुडाले, त्यांची पुस्तके निघत नाहीत. आपल्याला पाहायचे ते इतकेच, की त्याने काय केले. ज्या कामात त्याचा स्वभाव उपयोगी पडत होता ते काम त्याने स्वतःकडे ठेवले, आणि जिथे तो स्वभाव घात करीत होता तिथे दुसरा माणूस बसवला.

आता आपल्या जुन्नरच्या मुलाकडे येतो.

२०१६ साली माझी पुन्हा त्या भागात नेमणूक झाली. एका शेतकऱ्याच्या प्लॉटवर टोमॅटोची रोपे फार एकसारखी आणि जोमदार दिसली. रोपे कुठली म्हणून विचारले, तर त्याच गावच्या एका रोपवाटिकेचे नाव निघाले. गेलो. शेडनेटखाली कोकोपीट भरलेल्या ट्रेच्या रांगा, आणि मधून मोबाईल कानाला लावून फेऱ्या मारणारा मालक. त्याने मला लगेच ओळखले. मी ओळखले नाही.

"साहेब, तुमच्या त्या पंपाचा वायसर उलटा बसवलेला होता," तो म्हणाला. "म्हणून गळत होता."

मला काय बोलावे कळेना. त्या शिबिरानंतर तो पंप गळायचा थांबला होता, हे मला तेव्हाच आठवले.

त्याची मधली दहा वर्षे सोपी गेली नव्हती. जुन्या मोटरसायकली घेऊन विकल्या. कोंबड्या केल्या. २०१० च्या सुमारास इमूपालनाची लाट आली तेव्हा एका बैठकीतून घरी आला तोच बायकोचे दागिने मोडायचे ठरवून. ती लाट कशी फुटली हे तुमच्यापैकी काहींना सांगायला नको. पक्षी कुणी घेईना, खाद्याला पैसा पुरेना. मंगळसूत्राखेरीज घरात सोने उरले नाही. त्या वर्षभरात त्याच्या वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते.

रोपवाटिका सुरू झाली २०१३ साली, पन्नास ट्रेवर. तीही बायकोच्या अटीवर, की पैसा तिच्या हाताने जाईल आणि येईल.

या धंद्यात त्याचा स्वभाव कसा कामी आला ते पाहण्यासारखे आहे. टोमॅटोचे रोप पंचवीस ते तीस दिवसांत विक्रीला येते, म्हणजे महिन्याच्या आत केलेल्या कामाचे फळ डोळ्यांपुढे. हाच माणूस आडसाली उसावर सोळा-अठरा महिने वाट पाहत बसला असता तर त्याने दोनदा पीक मोडले असते. इथे रोज नवे गिऱ्हाईक, रोज नवी अडचण. सकाळी तो नारायणगावच्या टोमॅटो बाजारात चक्कर मारतो. व्यापारी कोणत्या वाणावर हात टाकतात, कोणता माल बाजूला सारतात, हे पाहतो आणि तिथूनच शेतकऱ्यांना फोन लावतो. रोपे नेलेल्या प्लॉटवर न बोलावता जातो. मर कुठे आली, कुणाचे ठिबक तुंबले, हे त्याला मालकाच्या आधी दिसते, कारण त्याची नजर एका जागी ठरतच नाही. ज्या नजरेला मी वर्गात नावे ठेवली तीच ही.

एका जूनमध्ये वादळाने शेडनेट फाडले. बावीस हजार रोपे उघडी पडली. घरची माणसे कपाळाला हात लावून बसली असताना तो ट्रॅक्टरच्या दिव्यावर कामाला लागला, तो दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत. गडबड-गोंधळात त्याचे डोके शांत होते, असे त्याची बायको सांगते. शांततेत मात्र बिघडते.

हेही तिचेच बोल: "ह्यांना उधारी आठवत नाही साहेब. रोपं कुणाला दिली ते आठवतं, रोपांची तब्येत आठवते, पैसे राहिलेत ते नाही आठवत." पहिल्या दोन वर्षांत एक लाख ऐंशी हजारांची उधारी नुसती तोंडी होती. तिने वही घातली. शेडच्या दारात मोठा काळा फळा टांगला. मागणी, तारीख, विसार, सगळे त्यावर. विसार आल्याशिवाय बी टाकायचे नाही. आणि तिसरा नियम मला सर्वांत आवडला. पाच हजारांवरची कोणतीही नवी खरेदी सुचली, की ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आणि मध्ये तीन रात्री जाऊ द्यायच्या. चौथ्या दिवशीही हवीशी वाटली तर घ्यायची. "निम्म्या गोष्टी हेच पुसून टाकतात," ती म्हणाली. तिने मानसशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नाही. नवरा पाहिला आहे.

अभ्यासकांनी जे शोधून काढले ते याहून फार वेगळे नाही. योहान विकलुंड आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी २०१६ साली एडीएचडी असलेल्या चौदा उद्योजकांच्या मुलाखतींवरून एक निबंध लिहिला. अनिश्चित परिस्थितीत चटकन पाऊल उचलणे, आवडीच्या कामात बुडून जाणे आणि न थकणे, हे त्यांच्या उपयोगी पडले; हिशेब आणि रोजची ठरावीक कामे यांत ते अडखळले. हॉलंडमध्ये २०१५ साली दहा हजारांवर विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तीत अशी लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांत स्वतःचा धंदा काढण्याची इच्छा जास्त दिसली. पण इच्छा म्हणजे यश नव्हे. आणि स्वीडनमधल्या एका अभ्यासात स्वतंत्र व्यवसायाशी संबंध दिसला तो अंगातल्या धडपडीचा, लक्ष न लागण्याचा नव्हे. म्हणजे या स्वभावातले सगळेच धंद्याला पोषक आहे असे कुणी समजू नये.

आपल्याला, जमिनीशी संबंध असलेल्या माणसांना, जास्त बोलका वाटेल असा एक अभ्यास केनियाच्या उत्तर भागातला आहे. तिथे अरियाल नावाचे पशुपालक लोक उंट, गाई, शेळ्या घेऊन चाऱ्यापाण्यामागे हिंडतात. त्यांच्यातले काही गेल्या काही दशकांत एका जागी वस्ती करून शेती करू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सुमारे दीडशे पुरुषांची तपासणी केली होती. एडीएचडीशी ज्याचा संबंध लावतात असा एक आनुवंशिक गुण ज्यांच्यात होता, ते हिंडणाऱ्या टोळीत इतरांपेक्षा चांगले पोसलेले निघाले. तोच गुण असलेले, पण एका जागी स्थायिक झालेले पुरुष मात्र इतरांपेक्षा काहीसे रोडावलेले दिसले. एका गुणावरून सारे ठरत नाही हे खरे. पण बियाणे तेच आणि रान बदलले की पीक बदलते, हे तुम्हाला मी काय सांगावे?

आता थोडे कडू. या स्वभावाच्या माणसांत अपघात आणि व्यसन यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. तेव्हा अठरा वर्षांच्या आत त्याच्या हाती मोटरसायकल देऊ नका, आणि जुगाराचा नाद, तो पत्त्यांचा असो की मोबाईलवरचा, लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून जपा. "लग्न करून द्या, सुधारेल" हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. मी तो मुळीच देणार नाही. वर ज्या बाईची हकिकत सांगितली तिने संसार सावरला, पण त्यापायी तिचे दागिने गेले, आणि तिला आधी कुणी विचारले नव्हते.

मुलगा लहान असेल तर आधी कान-डोळे तपासून घ्या. ऐकू कमी येणारे पोरही लक्ष न देणारेच वाटते. सगळे चंचल पोर एडीएचडीचे नसते. लक्षणे बारा वर्षांच्या आतली हवीत, आणि घरी व शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा-अंगणवाडीत तपासणीला येते, त्यांना सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. काय करावे कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. औषधे आहेत आणि पुष्कळांना गुण येतो. ती डॉक्टरांनीच ठरवायची, शेजाऱ्याच्या पोराची उरलेली गोळी द्यायची नाही. औषध घेतले म्हणजे पोराचा हुन्नर मारला जातो, ही भीती मनातून काढा.

आणि त्याला काही काम सोपवायचे तर लहान, लवकर फळ देणारे आणि पायाला फिरवणारे सोपवा. पाचशे कोंबड्या नकोत, दहा द्या. भाजीची पाटी देऊन आठवडे बाजारात बसवा आणि संध्याकाळी हिशेब त्याच्याबरोबर बसून करा. त्याच्यावर सोडू नका, त्याच्यावाचूनही करू नका. "गोठा आवर" असे मोघम सांगू नका, "आधी शेण काढ, मग ये" असे एकेक सांगा.

गेल्या महिन्यात पुन्हा त्या रोपवाटिकेवर गेलो होतो. मिरचीची रोपे लावणीला आली होती. त्याचा मुलगा आता तिसरीत आहे. शाळेच्या वहीत गुरुजींनी लाल शाईने लिहिले होते, की मुलगा वर्गात बसत नाही, पालकांनी समज द्यावी. ती वही त्याने माझ्यापुढे धरली आणि बराच वेळ बोलला नाही. एरवी त्याला असा गप्प मी पाहिलेला नाही.

"समज म्हंजी मारच ना साहेब?" शेवटी म्हणाला. "मला दिलेली समज अजून पाठीवर हाय."

मी म्हटले, "गुरुजींना मी भेटतो. तुम्ही आधी त्याला डॉक्टरांना दाखवा." मागे त्याचे नाव खोडले होते ते मी तेव्हा पहिल्यांदा त्याला सांगितले. तो हसला. म्हणाला, ते त्याला त्याच आठवड्यात कळले होते.

तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, रोपांची पाने पिवळी पडली म्हणून. चहा अर्धा टाकून त्याने मोटरसायकलला किक मारली. पोरगा धावत जाऊन मागे बसला. वहिनींनी बशी उचलली आणि फळ्याकडे बोट दाखवले. तिथे वीस ट्रे मिरचीच्या मागणीखाली खडूने लिहिले होते: सोमवार, जिल्हा रुग्णालय, सकाळी सहाची एसटी, दोघांनी जायचे.